इंडोनेशियाचा दाखला देणाऱ्या मंडळींना, सुराबायाहून

सप्रेम नमस्कार.

भाषेचा वाद पेटला की तुमच्यापैकी कुणीतरी इंडोनेशिया काढतंच. मजकूर ठरलेला असतो. हजारो बेटं, सातशे भाषा, तरी १९२८ साली तिथल्या तरुणांनी शपथ घेतली, ‘एक भूमी, एक राष्ट्र, एक भाषा’, आणि प्रश्न कायमचा मिटला. मग आपल्यालाच का जमत नाही? गेल्या वर्षभरात हा मजकूर मला घरच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, आणि दिवाळीच्या फोनवर आतेभावाने तो जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवला. मी इथे राहतो म्हणून मला तो विशेष आवडेल, अशी त्याची समजूत.

मी १९ वर्षं पूर्व जावात आहे. सुराबायाजवळच्या एका सूतगिरणीत हिशेब बघतो. भाषाशास्त्राशी माझा संबंध नाही. पण सकाळी साडेसातला गिरणीत शिरल्यापासून मी ही भाषा बोलतो, तिच्यात घासाघीस करतो, रजा नामंजूर करतो, टेम्पोवाल्याशी भांडतो. तिच्या मायेपोटी थोडंफार वाचलंही आहे. त्यामुळे तो मजकूर आला की ताळेबंदात चुकीची बेरीज दिसल्यावर होतं तसं होतं. सोडून देता येत नाही.

बेरीज चुकते ती ‘एक भाषा’ या शेवटच्या दोन शब्दांत.

२८ ऑक्टोबर १९२८. बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. क्रामात रस्त्यावरचं १०६ नंबरचं घर, जिथे विद्यार्थी भाड्याने राहायचे. घरमालक सी कोंग लियान, चिनी वंशाचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिथे दुसऱ्या युवक काँग्रेसची शेवटची बैठक भरली. अध्यक्ष सुगोंदो जोयोपुस्पितो, चिटणीस मुहम्मद यामिन. पास झाला तो तीन ओळींचा ठराव. त्याला शपथ हे नाव नंतर चिकटलं. पहिल्या ओळीत, आम्ही इंडोनेशियाचे पुत्र आणि पुत्री एकच मातृभूमी मानतो. दुसरीत, एकच राष्ट्र मानतो. दोन्हींत ‘यांग सातु’ आहे. ‘सातु’ म्हणजे एक. तिसरी ओळ मात्र अशी: ‘कामी पुत्रा दान पुत्री इंडोनेसिया मन्जुन्जुंग बहासा पर्सातुआन, बहासा इंडोनेसिया.’

पुत्र, पुत्री, भाषा तुम्हाला न सांगता कळलं असेल. ‘मन्जुन्जुंग’ तेवढं सांगायला हवं. जुन्जुंग म्हणजे डोक्यावर घेऊन वाहणं, बाजाराहून परतणारी बाई पाटी घेते तसं. त्यावरून मान देणं, शिरोधार्य मानणं. ‘पर्सातुआन’ म्हणजे ऐक्य. म्हणजे ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियन आम्ही शिरोधार्य मानतो, इतकंच. आमची भाषा एकच आहे, असं तिथे कुणी म्हटलेलं नाही. भूमी एक, राष्ट्र एक, आणि भाषेपाशी आल्यावर वाक्याची घडणच बदलली. ठरावाचा मसुदा यामिनचा. तो कवी होता, त्यामुळे हे त्याच्या हातून नकळत झालं असेल असं मला वाटत नाही. ‘एक भाषा’ हे रूप पुढे घोषणांमधून रुळलं. इथल्या पोरांनाही तेच येतं, तुमचा एकट्यांचा दोष नाही.

यामिनने ठरावाचा कागद अध्यक्षांपुढे सरकवला तेव्हा, ‘माझ्याकडे याहून डौलदार शब्द आहेत’ असं तो कानाशी कुजबुजला म्हणतात. कुजबुजला ते डचमध्ये. सभेतली काही भाषणंही डचमध्येच झाली. जी भाषा शिरोधार्य मानायची, ती त्यातल्या बऱ्याच जणांना धड बोलता येत नव्हती. त्याच बैठकीत सुप्रात्मान नावाच्या पत्रकाराने ‘इंडोनेशिया राया’, म्हणजे आजचं राष्ट्रगीत, पहिल्यांदा वाजवलं, नुसतं व्हायोलिनवर. शब्द नाहीत, कारण पोलीस येऊन बसले होते.

आता तुमच्या मजकुरात जे कधीच नसतं ते सांगतो. ती भाषा कुणाची होती?

१९३० च्या खानेसुमारीत इथल्या मूळ रहिवाशांपैकी शेकडा ४७ जावानीज भरले. त्याखालोखाल सुंडानीज, मग मदुरी. जावानीज भाषेला हजार वर्षांचं साहित्य, स्वतःची लिपी, दोन-दोन राजदरबार. चळवळीतले बरेच पुढारी जावानीज. आपल्याकडच्या हिशेबाने निकाल सरळ होता, ज्यांची डोकी जास्त त्यांची भाषा. यांनी निवडली मलायू (आपण मलय म्हणतो ती, तिचंच पुढे ‘इंडोनेशियन’ झालं), जी घरात बोलणारे शेकडा पाचाच्या आसपास होते. तेही सुमात्राच्या पूर्व किनाऱ्याला, रियाउ बेटांत, बोर्निओच्या कडेला विखुरलेले. म्हणजे बहुसंख्याकांनी आपली भाषा बाजूला ठेवून बंदरातली भाषा घेतली. इंडोनेशियाचा दाखला द्यायचाच तर तो इथून सुरू करावा लागेल, आणि मग तो कुठे नेतो ते तुमचं तुम्ही बघा.

हे जावानीजांनी नुसत्या उदारपणे केलं, असंही मी म्हणणार नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये या आणि ऐका. आमचा एक फोरमन मध्य जावातल्या सोलोकडचा आहे. ‘जेवण’ म्हणायला त्याच्याकडे तीन शब्द आहेत. सोबत्याशी ‘मांगान’, परक्या माणसाशी स्वतःबद्दल बोलताना ‘नेधा’, आणि सासरा जेवला का हे विचारायचं तर ‘धाहार’. नुसतं क्रियापद बदलून भागत नाही, जवळजवळ सगळं वाक्य बदलावं लागतं. समोरचा आपल्यापेक्षा वर की खाली हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. आपल्या ‘तू, तुम्ही, आपण’ची दहापट करा. दुपारी सासऱ्याचा फोन आला की हा गडी उठून उभा राहतो, दोन वाक्यं वरच्या जावानीजमध्ये बोलतो, तिसऱ्याला अडखळतो आणि गुपचूप इंडोनेशियनवर येतो. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, “पाक, जावानीजमध्ये चुकलो तर उद्धट ठरतो. इंडोनेशियनमध्ये चुकलो तर नुसता चुकतो.”

शंभर वर्षांपूर्वी सभा भरवणाऱ्यांची अडचण हीच होती. एका खोलीत सरदाराचा मुलगा, शाळामास्तर आणि रेल्वेचा कारकून. त्यांनी एकमेकांना काय म्हणायचं? मलायूत हा पेच नव्हता. १९१६ साली हेगमध्ये वसाहतीतल्या शिक्षणावर परिषद झाली, तिथे मलायूची बाजू मांडणारा सुवार्दी सूर्यानिंग्रात योग्याकार्ताच्या पाकुआलाम राजघराण्यातला होता. पुढे त्याने नाव बदलून की हजर देवांतारा केलं. दरबारी जावानीज ज्याच्या घरची, तोच हे सांगत होता.

‘इंडोनेशियन’ या नावाची गोष्टही अशीच हलक्याने घेतली जाते. १९२६ च्या पहिल्या युवक काँग्रेसमध्ये यामिनच्या मसुद्यात ‘मलायू भाषा’ असंच होतं. त्या सभेचा अध्यक्ष मोहम्मद तबरानी अडून बसला. भूमी इंडोनेशिया, राष्ट्र इंडोनेशिया, तर भाषा मलायू कशी? तीही इंडोनेशियाच. यामिन म्हणे, अशी भाषा अस्तित्वातच नाही. तबरानीचं उत्तर, नसेल तर आजपासून आहे. त्या पहिल्या सभेत निकाल लागला नाही. दोन वर्षांनी यामिननेच तबरानीचा शब्द ठरावात लिहिला. तबरानी मदुरा बेटाचा, म्हणजे त्याची मातृभाषा मदुरी. आणि भाषेच्या नावाबरोबर एक गोष्ट गुपचूप साधली गेली. मलायू म्हटलं असतं तर ती मलायू लोकांची राहिली असती, आणि बाकी सगळे तिच्यात पाहुणे. नाव बदलताच यजमान कुणी उरला नाही.

तरी ती हवेतून आली नव्हती. आणि इथे, पंचांग बघणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. सुमात्रात पालेम्बांगजवळ केदुकान बुकित इथे एक दगड सापडला. जुन्या मलायूतला हा सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, लिपी दक्षिण भारतातली पल्लव. सुरुवात अशी: स्वस्ति श्री, शकवर्ष ६०५, एकादशी, शुक्लपक्ष, वुलन वैशाख. ‘वुलन’ म्हणजे महिना, आजच्या इंडोनेशियनमध्ये ‘बुलान’. बाकी काही समजावून सांगावं लागलं का? वैशाख शुद्ध एकादशीला एक सरदार गलबतात बसून निघाला, असं पुढे आहे. सातव्या शतकातल्या श्रीविजय राज्याच्या बंदरातली ही भाषा, आणि तेव्हापासून ती गलबताबरोबरच फिरली. जिथे नांगर पडला तिथले शब्द तिने घेतले. ‘पासार’ फारसी बाजारातून आला. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का; गोव्यातून मराठीत चावी आणि पगार आले, मलाक्क्यातून मलायूत ‘जन्देला’ म्हणजे खिडकी, ‘सपातु’ म्हणजे बूट. संस्कृत तर ठायी ठायी, पण अर्थ सरकलेले. ‘चिन्ता’ म्हणजे इथे प्रेम. बायकोच्या मते फारसा सरकलेला नाही.

डचांनी आपली भाषा रयतेला शिकवण्यात हात आखडता घेतला. कारभार, तलाठ्यापर्यंतचे हुकूम आणि बऱ्याच शाळाही मलायूतच चालवल्या, कारण ते स्वस्त पडत होतं. पण कोणती मलायू? बाजारात बोलतात ती त्यांना ‘हलकी’ वाटे. त्यांना हवी होती ती रियाउ-जोहोरच्या दरबारातली ‘उच्च’ मलायू. रियाउतल्या पेन्येंगात नावाच्या चिमुकल्या बेटावर राजा अली हाजीने एकोणिसाव्या शतकात तिचं व्याकरण आणि कोश लिहायला घेतला होता. हा माणूस मूळचा सुलावेसी बेटाकडच्या बुगी वंशाचा, हेही सहज सांगून ठेवतो. पुढे सुमात्रात जन्मलेल्या फान ओफाउसेन नावाच्या डच मास्तराने दोन स्थानिक शिक्षकांना हाताशी धरून १९०१ मध्ये रोमन लिपीतलं शुद्धलेखन ठरवलं. शाळांतून तेच गेलं. १९१७ मध्ये सरकारी प्रकाशनसंस्था आली, बालाइ पुस्ताका. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ मुलुखातले मास्तर लोक तिचे संपादक आणि लेखक. ते हस्तलिखितं तपासत, भाषा घासूनपुसून एकसारखी करत, सरकारला न रुचणारं काढून टाकत. आज जिला प्रमाण इंडोनेशियन म्हणतात तिच्यावरची इस्त्री तिथली.

मला खरं खुपतं ते पुढचं. त्याच काळात बाजारातली मलायू काही गप्प बसली नव्हती. बटाव्हिया, समारांग, सुराबायातले चिनी वंशाचे लोक तिच्यात वर्तमानपत्रं काढत होते, कादंबऱ्या लिहीत होते, चिनी शौर्यकथांची भाषांतरं रतीब घातल्यासारखी छापत होते. ली किम होक याने १८८४ मध्येच बटाव्हियाच्या मलायूचं व्याकरण छापलं होतं. ओफाउसेनच्या १७ वर्षं आधी. ज्या सुप्रात्मानने व्हायोलिन वाजवलं तो ‘सिन पो’ या चिनी-मलायू वर्तमानपत्राचा बातमीदार, आणि त्याच्या गाण्याचे शब्द पहिल्यांदा छापले तेही सिन पोनेच, सभेनंतर पंधरा दिवसांच्या आत. ही सगळी छपाई बालाइ पुस्ताकाच्या लेखी ‘हलकी’. म्हणून ती शाळेच्या पुस्तकांत गेली नाही, आणि इंडोनेशियन साहित्याचा इतिहास पुढे कित्येक वर्षं १९२० च्या बालाइ पुस्ताकाच्या कादंबऱ्यांपासून सुरू होत राहिला. क्रामातच्या घराचं आज संग्रहालय आहे. घर चिनी माणसाचं, गाणं छापणारा छापखाना चिनी माणसांचा, आणि १९६० च्या दशकाअखेरीस नव्या राजवटीने दुकानाच्या पाटीवर चिनी अक्षर लिहायला बंदी घातली. ‘एक भाषा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

शपथ घेतली आणि झालं, असंही नाही. दहा वर्षं विशेष काही हललं नाही. एक ‘पुजांगा बारु’ नावाचं मासिक निघालं, १९३८ मध्ये सोलोला पहिलं भाषा संमेलन भरलं, पण सुशिक्षितांच्या घरात, कचेरीत, कॉलेजात डच तशीच होती. ती हलवली जपान्यांनी. मार्च १९४२ मध्ये ते आले आणि डचवर बंदी घातली. त्यांच्या मनात जपानी आणायची होती, पण ती शिकवायला वेळ कुणाला होता? हुकूम, रेडिओ, शाळा सगळं रातोरात इंडोनेशियनवर आलं. गणिताच्या मास्तराला उद्या वर्गात काटकोन काय म्हणून सांगायचा, न्यायाधीशाला अपील कशाला म्हणायचं, कुणालाच ठाऊक नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. लेखक सुतान तकदीर अलिशहबाना तिच्या कामाचा कणा. तीन वर्षांत सात हजारांच्या आसपास शब्द ठरवले. तुम्ही ‘एका शपथेने’ म्हणता ते घडलं युद्धात, परकीय लष्कराच्या बंदीमुळे आणि कारकुनी चिकाटीने. आम्हा हिशेबनिसांना हे पटतं, पण फॉरवर्ड करायला तितकं चमचमीत नाही.

१९४५ च्या घटनेतलं ३६ वं कलम एका ओळीचं: राज्याची भाषा इंडोनेशियन. सोबतच्या स्पष्टीकरणात मात्र होतं की जावानीज, सुंडानीज, मदुरी अशा ज्या भाषा त्यांचे लोक नीट जपतात त्यांचा राज्यही मान राखील आणि त्या सांभाळील. हे दुसरं वाक्य तुमच्या मजकुरात मी अजून पाहिलेलं नाही.

शुद्धलेखनाची भानगड तर आमच्या गिरणीतच आहे. जुन्या कपाटात कागदांचे गठ्ठे पडलेत. सगळ्यात जुन्या पावतीवर सुराबायामधला ‘उ’ डच पद्धतीने ‘ओ’ आणि ‘ई’ ही दोन रोमन अक्षरं जोडून लिहिलाय. १९४७ मध्ये ती जोडी गेली, एक अक्षर आलं. रस्ता म्हणजे ‘जालान’, तो मधल्या कागदांवर ‘डी’ आणि ‘जे’ मिळून. १९७२ च्या ऑगस्टनंतर नुसता ‘जे’. त्या वर्षी मलेशियाशी जुळवून नवं शुद्धलेखन लागू झालं आणि एका पिढीच्या सगळ्या पाट्या रंगवल्या गेल्या. हुकमावर सही राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची. स्वतःच्या नावातली ती डच जोडी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. शुद्धलेखन दुसऱ्यांसाठी असतं, हे आपल्याला नवीन नाही.

आणि निकाल? १९८० च्या जनगणनेत घरात इंडोनेशियन बोलणारे शेकडा १२ निघाले, २०१० मध्ये शेकडा २०. शपथेनंतर ८२ वर्षांनीही पाचातली चार माणसं घरी आपली भाषा बोलत होती. पाहिजे तर याला यश म्हणा, मी म्हणतो. सुराबायाचा टेम्पोवाला आणि पापुआतली नर्स फोनवर भांडू शकतात, आणि दोघांपैकी कुणीच वरचढ ठरत नाही. पण वारा कुठल्या दिशेचा तेही दिसतं. आमच्या फोरमनची मुलगी ‘धाहार’ म्हणत नाही. तिला आजोबांशी बोलायचं असलं की ती इंडोनेशियनच बोलते, आणि आजोबा हल्ली फोनवर कमी बोलतात.

एवढं करून जी प्रमाण भाषा तयार झाली ती रस्त्यावर कुणी बोलत नाही, हेही कानावर घालतो. पुस्तकातला ‘नाही’ म्हणजे ‘तिदाक’. मी नवा होतो तेव्हा सगळीकडे ‘तिदाक, तिदाक’ करत फिरायचो आणि पोरं हसायची. बोलतात ‘न्गाक’. जकार्तातली पोरं ‘मी’ आणि ‘तू’ला ‘गुए’ आणि ‘लु’ म्हणतात, दोन्ही चिनी होक्किएनमधून आलेले. ज्या बाजारी मलायूला बालाइ पुस्ताकाने दाराबाहेर ठेवलं, ती खिडकीतून आत येऊन सोफ्यावर बसली आहे. १९५० च्या दशकात समतेचं सर्वनाम म्हणून ‘आन्दा’ हा शब्द मुद्दाम प्रचारात आणला. तो आज जाहिरातीत आणि बँकेच्या पत्रात आहे. मला १९ वर्षांत तोंडावर कुणी ‘आन्दा’ म्हटलेलं नाही. मी ‘पाक’ आहे, म्हणजे बाप.

तर मंडळी, आपल्याकडे काय व्हावं यावर मी या पत्रात मत देत नाही. परदेशात बसून ते देणं सोपं असतं आणि मला त्याचा कंटाळा आहे. तुमच्यातल्या ज्यांना सगळ्यांवर एक भाषा हवी आहे त्यांना, आणि जे उलट बाजूने ‘बघा, इंडोनेशियाने लादली’ म्हणतात त्यांनाही, एक साधी विनंती. दाखला खुशाल द्या. देताना शेकडा ४७ चा आकडा सांगा, तबरानी सांगा, जपानी सांगा, सिन पो सांगा. इतकं सगळं मेसेजमध्ये मावत नसेल तर निदान फॉरवर्ड करण्याआधी तिसऱ्या ओळीतला ‘एक’ तेवढा खोडा. तो तिथे नव्हता.

आपला,
सुराबायाचा एक हिशेबनीस